क्राउन-पिनियन आणि लॉकरचे १,७५,५०० रुपये घेतले, हाउसिंग उघडलंच नव्हतं

नागपुरात ज्यांच्याकडे उंच केलेली थार, जिप्सी किंवा जुनी जीप आहे आणि जे सध्या रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनकडून येणाऱ्या दांड्याचे किती फेरे, ते प्रमाण) बदलायचा किंवा लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) टाकायचा विचार करून राहिले आहेत, त्यांनी आधी हे वाचा. अ‍ॅडव्हान्सचं नंतर बघा.

माझी गाडी २०१३ ची थार सीआरडीई, सेकंडहँड घेतलेली. दोन इंच लिफ्ट आणि २६५/७५ आर १६ टायर मागच्या मालकानेच टाकले होते. लोक म्हणतील, हौस होती ना, आता भोगा. हौस नव्हतीच असं मी म्हणत नाही. पण काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे आणि शेवटचा दीड किलोमीटर पांदण रस्ता आहे, काळ्या मातीचा. जुलैत तिथे ट्रॅक्टरशिवाय काही जात नाही. बाबांचं वय ७४. त्यांना बागेत न्यायचं तर अशीच गाडी लागते.

कंपनीचा टायर २३५/७० आर १६, व्यास ७३५ मिलिमीटर. माझा ८०४. म्हणजे नऊ टक्के मोठा, आणि तेवढाच प्रत्येक गिअर लांब झालेला. चढावर गाडी दम टाकते, चिखलात क्लचचा वास येतो. यावर इलाज म्हणजे पुढचं आणि मागचं, दोन्ही क्राउन-पिनियन (चाकांच्या मधल्या लोखंडी घरात, म्हणजे हाउसिंगमध्ये, बसणारी दातेरी चक्रांची जोडी) बदलून रेशो तितका खाली आणायचा. खाली म्हणजे गिअर आखूड, आकडा मात्र मोठा. दोन्हीकडे एकच रेशो हवा, नाहीतर फोर-व्हील टाकलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) वाटोळं होतं. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. म्हणून तर जास्त लाज वाटते.

गॅरेज शहरातलंच. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे. माणूस गोड बोलणारा. मी गेलो तेव्हा तिथे चार लिफ्ट केलेल्या गाड्या उभ्या होत्या. त्या कुणाच्या आणि किती दिवसांपासून, हे मी विचारलं नाही. त्याने हिशोब लिहून दिला: दोन्ही क्राउन-पिनियन संच ६४,०००, मागचा एअर लॉकर कॉम्प्रेसरसह ९२,०००, बेअरिंग, सील, शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) आणि मजुरी १९,५००. एकूण १,७५,५००. पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा लागेल म्हणाला. मी कच्ची पावती घेतली. पैसे वाचवायला गेलो आणि पुरावाच सोडून आलो. बिलाशिवाय एक रुपया देऊ नका. तो कितीही भाऊ-भाऊ करो.

एक लाख यूपीआयने आधी दिले. माल यायला तीन आठवडे लागतील म्हणाला, लागले सात. मग एक दिवस गाडी घेऊन बोलावलं आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी "झाली भाऊ, घेऊन जा" असा फोन आला. दोन्ही हाउसिंग उघडून, शिम लावून, दातांवर रंग लावून घासाची खूण बघून, लॉकर बसवून तीन दिवसांत? एका मिस्त्रीने? तेव्हा मला हे खटकलं नाही. उलट बाबांना सांगितलं की माणूस कामाला पक्का आहे.

मधल्या काळात त्याने फोटो पाठवले होते. चकचकीत नवं क्राउन, उघडं हाउसिंग. फोटोत खाली पांढऱ्या टाइल्स दिसत होत्या. त्याच्या गॅरेजची जमीन मातीची आहे. मी ते फोटो चार मित्रांना दाखवले, चौघांपैकी एकानेही टाइल्स पाहिल्या नाहीत आणि मीही नाही.

पण खरी वेळ ती नव्हती. खरी वेळ गाडी घ्यायला गेलो त्या संध्याकाळची. अमरावती रोडला वाडीच्या पुढे मी आणि तो गॅरेजवाला चक्कर मारायला निघालो. काम होण्याआधी मी एक गोष्ट नीट करून ठेवली होती: पाचव्या गिअरमध्ये, फोनच्या जीपीएसवर बरोबर ८० चा वेग धरून आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) काट्याचा फोटो काढला होता. रेशो नऊ टक्के खाली आला असेल तर त्याच वेगाला काटा दीड-दोनशे वर दिसायला हवा. यात कुणाचं मत चालत नाही, हे गणित आहे. मी पुन्हा पाचवा गिअर टाकला, जीपीएसवर ८० धरले आणि पाहिलं. काटा होता तिथेच. केसभरही हलला नव्हता.

मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "भाऊ, मीटरची सेटिंग कराची बाकी आहे. नवीन रेशोचं इसीएमले समजाले पाचशे किलोमीटर लागते." इसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. आणि मी मान हलवली. इंजिन किती फिरतंय हे इंजिनचाच सेन्सर सांगतो, त्याचा क्राउन-पिनियनशी काडीचा संबंध नाही. हे मी कॉलेजात शिकलो आहे. माझ्याच फोनमधला फोटो मला सांगत होता की काही बदललेलं नाही, आणि मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसलो. परत येऊन उरलेले ७५,५०० दिले. पन्नास हजार रोख, बाकी यूपीआय. लोकांसमोर वाद नको वाटला. सात आठवडे वाट पाहिली होती, काम झालंच आहे असं मनाने ठरवूनच टाकलं होतं. ती संध्याकाळ आठवली की अजून अंग गरम होतं.

जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले ना भाऊ". जुनं क्राउन-पिनियन हातात मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आणि नवं पाकिटात असतानाच दात मोजा. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, हाच रेशो: ४१ भागिले १० म्हणजे ४.१, ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८. दोन मिनिटांचं काम आहे.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पांदण रस्त्यावर गाडी फसली. लॉकरचं बटण दाबलं. लाइट लागला, कॉम्प्रेसर घरघरला, आणि मागचं एक चाक भिंगरीसारखं फिरत राहिलं, दुसरं जागचं हललं नाही. लॉकर खरोखर लागला असता तर दोन्ही चाकं एकाच गतीने फिरली असती. बाबा मागे बसले होते. ट्रॅक्टरवाल्याने १,५०० घेतले. परत येताना ब्रेक नरम लागायला लागले.

कामठी रोडच्या एका वयस्कर मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यांनी मागचा ड्रम काढला तर आत सगळं ऑइल. मग पाइप शोधत गेले. लॉकरचा पाइप लॉकरला नव्हताच, कारण लॉकर नव्हता. तो हाउसिंगच्या ब्रीदरमध्ये (आतली हवा बाहेर जायचं भोक) खोचला होता. बटण दाबलं की हवा हाउसिंगमध्ये भरायची, सील फोडून ऑइल ब्रेकवर यायचं. ज्या गाडीत मी बाबांना बसवत होतो तिच्या ब्रेकवर! मी बटण दाबत होतो आणि माझेच ब्रेक मीच घालवत होतो. हाउसिंगच्या कडेने बाहेरून सिलिकॉन फासलेलं होतं आणि वरून काळा स्प्रे. बोल्ट कंपनीपासून उघडलेलेच नव्हते. सील, लायनर, ऑइल मिळून ११,८०० लागले. एकूण गेले १,८८,८००. कॉम्प्रेसर तेवढा खरा निघाला, टायरमध्ये हवा भरायचा.

त्या मिस्त्रींनीच रेशो तपासायची सोपी रीत दाखवली. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, बाकीच्या चाकांना ओट लावायचे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची. प्रोपेलर शाफ्टवर (इंजिनकडून मागच्या हाउसिंगपर्यंत येणारा दांडा) खडूने खूण करायची. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. दुसरं चाक जमिनीवर असल्याने दोन फेऱ्यांना क्राउन एकदाच फिरतं, म्हणून शाफ्टचे फेरे म्हणजेच रेशो. मित्राच्या जशीच्या तशी ठेवलेल्या थारवर मोजलं, माझ्यावर मोजलं. तंतोतंत सारखं. हे मी वाडीहून परत आल्यावर करू शकत होतो. जॅक गाडीतच होता.

आता पोलिसांचं ऐका. ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून आणा म्हणाले. तिसऱ्या दिवशी अर्ज वाचून म्हणाले, "हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, साहेब, जो पार्ट बसवलाच नाही त्याचे पैसे घेतलेत, खोटे फोटो पाठवलेत, ही भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमातली फसवणूक आहे. तर उलट मलाच प्रश्न: गाडी उंच कुणी केली? आरटीओची परवानगी आहे का? दंड मालकालाच लागतो, माहीत आहे ना? मोटार वाहन कायद्यात विनापरवानगी बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे, हे खरं आहे. ती चूक माझी आहे, त्याचा दंड मी भरेन. पण म्हणून मला कुणीही लुटावं का? आरटीओत विचारायला गेलो तर हे आमच्याकडे येत नाही म्हणाले. बँकेने सांगितलं, पैसे तुम्हीच तुमच्या पिनने पाठवलेत. सगळीकडे मीच गुन्हेगार. चार वेळा रजा टाकून ठाण्यात गेलो आणि साधी पोच मिळवायला अकरा दिवस लागले. तो माणूस मात्र रोज सकाळी दहाला शटर उघडतो.

आणि हेच त्याचं भांडवल आहे. गाडी लिफ्ट केलेली असते, म्हणून मालक तोंड उघडत नाही. मीही महिनाभर गप्प होतो. घरी ७० हजारच गेले असं सांगितलं होतं.

ठाण्यात दाद मिळाली नाही तर पोलीस आयुक्तांना लेखी अर्ज द्या, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. ग्राहक आयोग वेगळा. तिथे पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी जिल्हा आयोगात तक्रार टाकली आहे. यूपीआयचे स्क्रीनशॉट, कच्ची पावती, टाइल्सचे फोटो, आरपीएमचे दोन्ही फोटो आणि मिस्त्रींचं लेखी निवेदन जोडलं आहे. दुसऱ्या मिस्त्रीने गाडी उघडताना व्हिडिओ काढा, उघडल्यावर नाही. माझा पहिला अर्धा भाग राहून गेला, त्यावर समोरचा वकील बोलणारच.

त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या चार गाड्यांचे मालक हे वाचत असतील तर चाक उचलून मोजून पाहा. आकडा जुनाच निघाला तर पावत्या फेकू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या ३५ व्या कलमाखाली आयोगाच्या परवानगीने अनेक ग्राहकांना मिळून एक तक्रार करता येते. माझी पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.