तसबीर पुसणारा फाल्गुनराव

रविवारी बेळगावच्या टिळकवाडीत इथल्याच हौशी मंडळींनी केलेला 'संगीत संशयकल्लोळ' बघून आले. तिकीट २०० रुपये. पुढच्या प्रयोगाची चार तिकिटं मी तिथंच सांगून ठेवलीत.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका नेमकं तेवढंच बघते. इकडं रेवतीकडची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि ती तिच्या हातात असताना फाल्गुनराव येतो. झालं! कोण कुणाचा, कुणालाच कळेना.

फाल्गुनरावाचा बऱ्याचदा विदूषक करून टाकतात. या नटानं तसं केलं नाही. तसबीर हातात आल्यावर त्यानं आधी उपरण्याच्या टोकानं काच पुसली. दिव्यापाशी नेली. परत पुसली, जणू पुसल्यावर आतला माणूस बदलणार आहे. थिएटर हसून लोटपोट आणि याच्या डोळ्यांत खरी कळ. माझ्या शेजारच्या अक्का कन्नड घरातल्या, त्यांना मराठी समजतं. हसता हसता त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पाप! बायकोला सरळ विचारायचं की हो!" कन्नडमध्ये 'पाप' म्हणजे 'बिचारा'.

फाल्गुनरावाचा नोकर भादव्या, त्यानंही धमाल केली. मालकाला हवं ते पुरवत तो निष्पाप तोंडानं आगीत तेल ओततो. त्याचं टायमिंग पक्कं होतं.

हे नाटक आपल्या गावात होतं याचं मला फार अप्रूप आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल बेळगावातच शिकले, इथंच त्यांना संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर भेटले आणि किर्लोस्कर तर सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरचे. मूळ प्रहसन फ्रेंच नाटककार मोलिएरचं. आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून देवलांनी १८९३ साली ते गद्यात आणलं आणि १९१६ साली त्यात पदं घातली. पण नक्षत्रांची आणि महिन्यांची नावं घेतलेली ही माणसं परक्या मुलखातली वाटतच नाहीत.

साथीला खरा ऑर्गन होता, की-बोर्ड नव्हे. रेवतीचा आवाज वरच्या षड्जाला किंचित कापत होता, तरी शब्द एकही गिळला नाही. अश्विनशेठनं मात्र ताना आवरायला हव्यात. प्रत्येक पदाला पाच-सहा मिनिटं गेली की घोटाळ्याची गती मोडते. त्यामुळंच की काय, शेवटचा अंक उरकल्यासारखा झाला. सगळा उलगडा होताना कृत्तिकेला घटकाभर गप्प उभं राहू द्यायला हवं होतं. तिनंही तेवढंच सोसलंय. शिवाय कॉलरमाइक पदराला घासून खरखरत होते, दोन महत्त्वाची वाक्यं त्यात गेली.

जाणार असाल तर पहिल्या दहा रांगांतली जागा मागून घ्या. तसबीर तळहाताएवढीच आहे आणि मागं बसलेल्यांना ते काच पुसणं दिसत नाही. मी आता तिसऱ्या रांगेतली तिकिटं घेतलीत, अक्कांसकट.