वर्गात इतिहास हाताळायचा : गावातल्या वस्तू, प्रतिकृती की अजब बंगला?

सहावीला वाकाटक, म्हणजे विदर्भातलं प्राचीन राजघराणं, शिकवताना मुलांच्या हातात काहीतरी द्यायचं, तर विदर्भातल्या गावच्या शाळेपुढे तीन पर्याय असतात.

सहलीचं आधी उरकू. 1863 सालचा नागपूरचा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, दाखवावाच. पण वस्तू काचेआड, आणि बुलढाणा किंवा गडचिरोलीकडून निघालात तर दिवस रस्त्यातच जातो. हाताळणं हाच हेतू असेल तर सहल सर्वांत शेवटी.

गावातल्या वस्तूंना खर्च नाही. शेर, पायली, कंदील, भोकाचा पैसा बऱ्याच घरांत निघतात. त्यातली पायली, म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, सर्वांत कामाची. दोन घरच्या पायल्या आणा, एकाच पोत्यातली ज्वारी सपाट भरा, किराणा दुकानातल्या काट्यावर तोला. मग शीग लावून, म्हणजे काठावर ढीग येईपर्यंत भरून, पुन्हा तोला. आकडे सहसा जुळत नाहीत, आणि मेट्रिक मापं का आणावी लागली हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात. ज्वारी एकीत आणि तूर दुसरीत भरली तर मात्र प्रयोग फसला, कारण तेवढ्याच मापात दोन्हींचं वजन वेगळं भरतं. भोकाचा पैसा 1943 ते 1947 मधला. असे 64 पैसे म्हणजे एक रुपया. 1957 चा नवा पैसा शेजारी ठेवला की गणिताचा तासही त्यातच होतो.

घोळ होतो तो परत करताना. वस्तू घेतानाच वहीत घरमालकाचं नाव आणि आधीची चीर किंवा पोचा लिहा, फोटो काढा. देवघरातले टाक, म्हणजे देवांच्या धातूच्या प्रतिमा, मागू नका. आणि तांब्याचं नाणं चिंचेने घासून चकचकीत करून आणायला मुलांना मनाई करा. आम्लाने वरचा जुना थर जातो, घासण्याने सालाचे आकडेही पुसट होतात. हात धुऊन, कोरडे करूनच नाणं धरावं. घामाचे डाग धातूवर राहतात.

पण गावातल्या वस्तू बहुधा आजोबा-पणजोबांपर्यंतच नेतात. वाकाटकांपर्यंत जायचं तर प्रतिकृती हवी, आणि ती वर्गातच करता येते. वाकाटक ताम्रपटांतल्या अक्षरांच्या डोक्यावर चौकोनी पेटी असते. शाडूची सेंटिमीटरभर जाड पाटी लाटा, बांबूच्या चौकोनी टोकाच्या काडीने आधी पेट्या दाबा, मग खाली अक्षर ओढा. शेतातली काळी माती नको, वाळताना ती आकसते आणि पाटीला भेगा जातात. शाडूसुद्धा उन्हात नव्हे, सावलीत तीन-चार दिवस वाळू द्या. मागे ‘प्रतिकृती’ कोरून ठेवा. प्लास्टरची तयार प्रतिकृती जास्त रेखीव असते, पण कोपरे लवकर उडतात आणि पावसाळ्यात ओल धरते. कपाटात भिंतीपासून दूर ठेवावी लागेल.

शेतात सापडलेलं नाणं किंवा दागिना कुणी शाळेत आणला तर तो वर्गात फिरवू नका. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सापडलेली जागा मात्र मुलाकडून नीट विचारून लिहून घ्या. उत्खननात प्राचीन अवशेष सापडलेली पवनी, मनसरसारखी ठिकाणं याच विदर्भात आहेत.

निवड करायचीच तर पाचवीला पायली आणि नाणी, सहावीला शाडूची पाटी. चाळीस मुलांच्या वर्गात पाच-सहा जणांचे गट करा. वस्तू सतरंजीवर ठेवा आणि बसूनच हाताळू द्या. उभ्याने हातोहात फिरवली की ती पडते.