हँडल लॉक, डिस्क लॉक आणि साखळी: गोव्याचा एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

गाडी दीडशे सीसीची साधी मोटरसायकल, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. मुक्काम म्हापशाच्या परिसरात, समुद्रापासून आठ-नऊ किलोमीटरवर. वापर मे ते फेब्रुवारी, म्हणजे दहा महिने. गाडीबरोबर आलेला हँडल लॉक, ७ मिलिमीटर पिनचा अलार्मवाला डिस्क लॉक आणि १० मिलिमीटर कडीची साखळी, या तिघांचा हा हिशेब. डिस्क लॉकच्या कंपनीचं नाव लिहून उपयोग नाही. एकाच साच्याचा माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो.

आधी हँडल लॉक, कारण तो फुकट मिळालेला असतो आणि सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात. बहुतेक गाड्यांत इग्निशनचं कुलूप आणि हँडल लॉक एकाच डब्यात असतात. चावी दाबून फिरवली की डब्यातून एक पिन बाहेर येते आणि चासीच्या पुढच्या नळीजवळच्या खाचेत बसते. जुन्या बुलेटसारख्या काही गाड्यांत हँडलचं कुलूप वेगळं, खाली नळीलाच असतं. ते पुढच्या चाकाने उडवलेल्या चिखलाच्या थेट वाटेत येतं, त्यामुळे आधी तेच रुसतं.

हा लॉक चोराला किती थोपवतो? फार नाही. पिन बारीक, डबा ओतीव मिश्रधातूचा. अंगात जोर असलेला माणूस हँडलला दोन-तीन हिसडे देतो आणि काम संपतं. पण लॉकच न लावलेली गाडी ढकलत नेता येते, त्याला हिसडाही लागत नाही. म्हणून तो रोज, दोन मिनिटांच्या कामासाठीसुद्धा लागला पाहिजे. आणि रोज लागायचा तर तो अडकता कामा नये.

चावी फिरतच नाही, अशी तक्रार असेल तेव्हा बहुतेक वेळा दोष कुलपाचा नसतो. हँडल डावीकडे पूर्ण टेकवून ठेवलं की पिन खाचेच्या काठावर आपटते. पूर्ण डावीकडे नेऊन केसभर मागे आणा, चावी दाबा, दाब तसाच ठेवून फिरवा. लॉक सुटत नसेल तर उलटा विचार करा: पुढचं चाक दगडाला, गटाराच्या काठाला किंवा शेजारच्या गाडीला टेकलंय, आणि तो सगळा भार पिनवर आलाय. एका हाताने हँडल किंचित डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने चावी हलकेच फिरवायची. चावीला पकड लावायची नाही. चावी पिळते, मग तुटते, आणि तुकडा आत राहिला की चावीवाल्याला बोलावण्यावाचून गत्यंतर नाही.

हे करूनही अडत असेल तर घरात पडून असलेली दुसरी चावी लावून बघा. ती सुरळीत फिरली तर कुलूप ठणठणीत आहे, रोजची चावी झिजली आहे. नवी चावी करायची ती या दुसऱ्या चावीवरून. झिजलेली चावी नमुना म्हणून दिली तर झिजेचीही नक्कल होते. फसगत होते ती नेमकी इथेच.

दोन्ही चाव्या अडल्या तर मग आतली घाण. आपल्याकडे ती तीन प्रकारची: जांभ्याची तांबडी धूळ, खारी हवा, आणि लोकांनी प्रेमाने सोडलेलं तेल. खोबरेल तेलाची सवय तर घरोघरी आहे. पहिले पंधरा दिवस चावी लोण्यासारखी फिरते. मग त्याच तेलात धूळ बसून चिकटा होतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे, पारा चोविसाच्या खाली गेला की तेल आतल्या आत थिजतं. इंजिन ऑइलचीही तीच कथा, फक्त ते थिजत नाही. बाजारात मिळणारा पाणी हटवणारा स्प्रे घाण काढायला उत्तम, पण तो वंगण म्हणून टिकत नाही. महिन्याभरात आतल्या पातळ पितळी पट्ट्या पुन्हा कोरड्या होतात.

आमच्याकडे बसलेली पद्धत अशी. इग्निशन बंद, शक्य असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. बारीक नळीने कॉन्टॅक्ट क्लीनर दोन सेकंद आत मारायचा. चावी पंधरा-वीस वेळा आत-बाहेर, दर वेळी फडक्याला पुसून. पहिल्या खेपेला फडकं तांबडं होतं; ते पांढरं राहीपर्यंत दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. मग पंधरा मिनिटं थांबायचं, कारण हे द्रव पेट घेणारे असतात आणि खाली इग्निशनचे कॉन्टॅक्ट आहेत. शेवटी टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे, एकच फवारा. ग्राफाइटची पूड दाराच्या कुलपाला छान, इथे नको: ती वीज वाहून नेते, आणि खारट ओलाव्यात धातूला गंजायला मदतच करते. ही सफाई मेच्या शेवटी एकदा आणि गणेश चवथीच्या आसपास एकदा केली तर वर्ष निघतं. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी मध्ये आणखी एकदा करावी.

चुंबकी झाकणाची कुलपं असलेल्या गाड्यांना वेगळं दुखणं. चावीच्या टोकाच्या चुंबकाला वाळूतले काळे कण चिकटतात आणि झाकण अर्ध्यावर अडतं. सेलोटेप दाबून ओढली की कण निघून येतात. नखाने खरवडत बसू नका.

एक गोष्ट मात्र घरी करून बघायची नाही. चावी ‘ऑफ’वर आणूनही हँडल एका बाजूला अडखळत असेल, किंवा कुलपातून खुळखुळ येत असेल, तर पिन तुटलेली असू शकते किंवा तिची स्प्रिंग गेलेली असते. सुटा तुकडा चालत्या गाडीत खाचेत बसला तर वळणावर हँडल लॉक होईल. अशी गाडी टेम्पोतून गॅरेजला न्यायची, चालवत नाही. कुलूप बदलायचं तर पुष्कळ गाड्यांवर त्याचे बोल्ट मुद्दाम डोकं तुटणारे असतात, त्यामुळे छिन्नीने उलटे फिरवून किंवा ड्रिल करूनच निघतात. नव्याला पुन्हा तसेच बोल्ट बसवून घ्या. मेकॅनिक हाताला लागेल तो षटकोनी बोल्ट लावून मोकळा होतो, आणि मग दहा नंबरच्या पान्याने अख्खं कुलूप उतरतं.

आता डिस्क लॉक. लावायला पाच सेकंद, खिशात मावतो, इथपर्यंत शंभर गुण. पिन ७ मिलिमीटरची घेतली कारण बऱ्याच डिस्कच्या भोकांत १० मिलिमीटर शिरतच नाही. विकत घेण्याआधी भोक मोजा. लावताना तो कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या भागाच्या, अगदी मागे लावायचा. लांब लावला तर गाडी अर्धा फेरा फिरून मगच अडते, तेवढ्या झोक्यात पिनला चांगला दणका बसतो. विसरून गाडी काढली तर तो कॅलिपरवर आदळतो आणि गाडी आडवी पडते, म्हणून हँडलपासून लॉकपर्यंत येणारी गुंडाळी वायर रोज लावावी. ती वायर आळसाने डिकीत राहते, हा या वस्तूचा खरा दोष.

अलार्मचं मत मात्र दहा महिन्यांत बदललं. सहा एलआर४४ सेल, ११० डेसिबलचा दावा. पहिल्या धक्क्याला इशाऱ्याची टिकटिक, लगेच दुसरा धक्का बसला की दहा सेकंद बोंब. जूनपर्यंत शहाण्यासारखा वागला. जुलैत, वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस कोसळायला लागल्यावर सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर आला आणि लॉक मध्यरात्री आपोआप ओरडायला लागला. पट्ट्या खोडरबराने घासून, झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावल्यावर थांबला. (ग्रीस बोटाने, अगदी थोडं. डिस्कला लागलं तर ब्रेक गेला म्हणून समजा. म्हणूनच लॉक गाडीवर असताना कोणताही स्प्रे मारायचा नाही.) आणि ओरडून उपयोग किती? गावातल्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, रात्री कुत्री भुंकतात, शेजारी दिवा लावतो. पणजीत १८ जून रस्त्यावर दुपारी कोणी मान वळवत नाही. थिवी स्टेशनच्या पार्किंगमध्ये दोन दिवस गाडी ठेवली तर सेलवर विसंबू नका, नुसती पिन म्हणून बघा.

शिवाय डिस्क लॉक गाडी फिरू देत नाही, उचलू देतो. सव्वाशे-दीडशे किलोची गाडी दोघं-तिघं पिकअपमध्ये चढवतात. म्हणून साखळी, आणि साखळी म्हणजे गाडी कशाला तरी बांधणं. नुसती चाकातून ओवलेली साखळी हा महागडा डिस्क लॉक झाला.

सव्वा मीटरची १० मिलिमीटर साखळी कुलपासह तीन किलोच्या आसपास भरते. ती बरोबर वागवायचा नाद सोडा, कमरेला तर मुळीच गुंडाळू नका. पडलात तर कमरेचं हाड मोडेल. ती घरी कायमची राहावी. मागचं चाक आणि चासी दोन्हींतून घ्यावी, जमिनीपासून वर, ताणून. जमिनीवर लोळणाऱ्या कडीवर साखळी कापायच्या कटरचा एक दांडा टेकवून अख्ख्या अंगाचा भार देता येतो. सोबत आलेली कापडी खोळ दोन महिन्यांत भिजून आत गंज धरते. ती फाडून सायकलची जुनी ट्यूब चढवली, तेव्हापासून कड्या कोरड्या आहेत. प्लास्टिकने मढवलेली केबल मात्र घेऊ नका. जाडी प्लास्टिकचीच असते, तार आत करंगळीएवढीही नसते.

बांधायची कुठे, हा गोव्यातला खरा प्रश्न. घराची भिंत चिऱ्याची, आणि चिरा मऊ, सच्छिद्र. त्यात ठोकलेला फास्टनर दोन महिन्यांत सैल होऊन हातात येतो. बरं पडतं ते असं: अंगणात एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा, १६ मिलिमीटर सळीचा यू आकार, दोन्ही पाय आत बाहेरच्या बाजूला वाकवलेले, १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी), सात दिवस पाणी मारायचं. एक घनफुटाचा हा ठोकळा सत्तर किलोच्या आसपास होतो आणि जमिनीत रुतलेला असतो. पावसाळ्याआधीच करून घ्या, पाणी साचणाऱ्या जागी नको.

जीपीएस ट्रॅकरवर फार लिहीत नाही. दहा मिलिअँपियर खाणारा ट्रॅकर दिवसाला पाव अँपियर-तास घेतो. चार अँपियर-तासाच्या बॅटरीवर गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ रडतो. सत्तरी, सांगेच्या रानात नेटवर्कही सगळीकडे नाही.

कागदांचं एकच: चोरीचा दावा करताना विमा कंपनी गाडीच्या दोन्ही चाव्या मागते, आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मिळतच नाहीत. कुलूप किंवा अख्खा लॉक सेट बदललात तर त्याचं बिल आणि जुन्या चाव्या जपून ठेवा, नाहीतर दुसरी मूळ चावी कुठे गेली याचं उत्तर द्यायला तुमच्याकडे काहीच नसेल. चावीवर किंवा तिच्या पट्टीवर कोरलेला नंबर असेल तर त्याचा फोटो काढा आणि ती पट्टी गाडीच्या जुडग्यातून आजच काढा. त्या नंबरावरून तशीच चावी कापून मिळते, आणि जुडगं तर पेट्रोल पंपावर, गॅरेजात, धुण्याच्या ठिकाणी दहा हातांतून फिरत असतं.