क्लासिक ३५० साठी मॅगव्हील: पैसे रिमचे नाही, हबचे मोजा

२०२१ मध्ये आलेल्या जे-प्लॅटफॉर्मच्या (म्हणजे नव्या इंजिन-चेसिसच्या) रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० मध्ये डार्क मालिकेच्या गाड्यांना कंपनीनेच मॅगव्हील (तारांशिवायची एकसंध अलॉय चाकं) आणि ट्यूबलेस टायर दिले. बाकीच्या बऱ्याच रंगांत मात्र तारांची चाकं आणि ट्यूब. हायवेवर पंक्चर झालं की ट्यूबवाल्याला मागचं चाक खोलावं लागतं आणि ट्यूबलेसवाला दहा मिनिटांत दोरी मारून निघून जातो, म्हणून तारा काढून मॅग बसवायची मागणी कायम आहे. बाजारात यासाठी दोन पर्याय आहेत: कंपनीची मूळ चाकं आणि बाहेरच्या उत्पादकांचे सेट. दोन्हींत रिम साधारण सारखीच दिसते. खरा फरक हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात आहे आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) हबवरच चालतं.

ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही चाकांना एबीएस असलेल्या गाडीत प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो आणि हबसोबत फिरणारी खाचांची रिंग असते, तिला टोन रिंग म्हणतात. सेन्सरसमोरून सेकंदाला किती खाचा गेल्या त्यावरून एबीएसचं मॉड्यूल (कंट्रोल युनिट) चाकाचा वेग काढतं. नव्या रिंगमध्ये खाचा कमी असतील, तर चाक प्रत्यक्षापेक्षा हळू फिरतंय असं मॉड्यूलला वाटतं. समजा ५० च्या जागी ४८ खाचा आल्या. म्हणजे ब्रेक दाबायच्या आधीच ४ टक्के घसरण दिसली आणि ब्रेक लागायच्या ऐन वेळी प्रेशर लवकर सुटलं. म्हणून जुनी आणि नवी रिंग शेजारी ठेवून खाचा मोजा, बाहेरचा व्यास आणि बोल्टची भोकं जुळवा. जुनी रिंग नव्या हबवर चपखल बसत असेल तर तीच लावलेली उत्तम.

त्याच कंपनीच्या मीटिअर ३५० चं मागचं चाक क्लासिकला बसवायचा सल्ला सर्रास मिळतो. तो टाळा. क्लासिकचा मागचा टायर १२०/८०-१८, म्हणजे व्यास सुमारे ६४९ मिमी. मीटिअरचा १४०/७०-१७, सुमारे ६२८ मिमी. फरक ३ टक्क्यांहून थोडा जास्त. मागचं चाक पुढच्यापेक्षा कायम जोरात फिरतंय असं मॉड्यूलला दिसत राहणार. पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८ हीच मापं ठेवा. तसंच २०२१ च्या आधीच्या, जुन्या यूसीई इंजिनच्या क्लासिकचा सेट कितीही स्वस्त मिळाला तरी नको. नव्या गाडीची चेसिस वेगळी आहे, पुढची डिस्कही २८० ची ३०० मिमी झाली.

कंपनीची चाकं घ्यायची तर काउंटरवर चेसिस नंबर देऊन दोन्ही व्हेरिएंटचे पार्ट नंबर समोरासमोर काढायला सांगा. नुसती चाकं घेऊन भागत नाही. बेअरिंग, त्यांच्या मधली नळी, ऑइल सील, बाजूचे बुश, मागचे डँपर रबर, डिस्कचे नवे बोल्ट आणि दोन ट्यूबलेस व्हॉल्व हेही लागतात. बाहेरच्या सेटमध्ये सगळ्यात जास्त घोळ त्या मधल्या नळीत होतो. ती अर्धा मिलिमीटर जरी आखूड असली, तरी एक्सल आवळल्यावर बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे दाबल्या जातात. चाक हाताने जड फिरतं आणि काही हजार किलोमीटरांत बेअरिंग घुरघुरायला लागतं. दोष बेअरिंगचा नसतो, त्यामुळे नुसतं बेअरिंग बदलून काही होत नाही.

बसवताना क्रम पाळा. आधी सेन्सरचा बोल्ट काढून सेन्सर बाजूला बांधून ठेवा, वायर ओढायची नाही. मग चाक काढा आणि कॅलिपरच्या पॅडमध्ये पुठ्ठा सारून ठेवा, नाहीतर कुणीतरी लिव्हर दाबतंच. डिस्कचे बोल्ट लॉकटाइटवर (आटे घट्ट धरणाऱ्या गोंदावर) असतात. थेट पाना लावला तर डोकं घासतं, म्हणून हीट गनने तापवून सोडवा. टायर नव्या रिमवर डिस्क आणि रिंग लावायच्या आधी चढवून, बॅलन्स करून घ्या. पंक्चरवाला चाक आडवं टाकून पहार लावतो, तेव्हा वजन नेमकं डिस्कवर येतं आणि रिंग वाकते. टायरच्या भिंतीवर ट्यूबलेस लिहिलेलं असेल तरच तो वापरा, ट्यूबचा टायर मॅगवर चालवू नका. डिस्कचे बोल्ट मध्यम लॉकटाइट लावून समोरासमोरच्या जोडीने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

मग फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या. सेन्सर आणि रिंगमधली फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ती एका जागी नव्हे, चाक फिरवत चार-पाच जागी मोजा. रिंग आउट, म्हणजे फिरताना डगमगत असेल तर एका बाजूला फट वाढते, तिथे सिग्नल तुटतो आणि अगदी हळू थांबतानाही लिव्हर हाताखाली थरथरतो. नवी रिम डायल गेजवर एक मिलिमीटरपेक्षा जास्त आउट निघाली तर तिथल्या तिथे परत करा.

चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे. तो जळतच राहिला तर साधे ब्रेक लागतात, एबीएस मात्र बंद असतं. अशा वेळी आधी फट, मग रिंगवरची घाण, मग एक्सलखाली चेपलेली वायर तपासा. स्कॅनरने कोड पुसणं शेवटी. ब्रेकची चाचणी कोरड्या मोकळ्या रस्त्यावर आणि आधी मागच्या ब्रेकने करा.

निकाल सांगायचा तर, मागेपुढे डिस्क असलेल्या ड्युअल चॅनल गाडीला कंपनीचीच चाकं घ्यावीत. महाग पडतात, पण रिंग, नळी आणि डिस्कची ओळ यांचा प्रश्न उरत नाही. बाहेरचा सेट खाचा, नळी आणि आउट या तिन्हींत पास झाला तर हरकत नाही. रिमवर आयएसआयचा शिक्का मात्र हवाच. आणि रोजचा रस्ता खड्ड्यांचाच असेल तर तारांचीच चाकं ठेवा. तारांची रिम वाकते आणि तारा आवळून आउट निघतो. मॅगला तडा गेला की ती बदलावीच लागते, वेल्डिंग करून देणाऱ्याच्या नादी लागू नका.

मागे ड्रम असलेली गाडी असेल तर दुकानदाराला ते आधीच सांगा, मागचा हब पूर्ण वेगळा येतो. बिलावर मॉडेलचं वर्ष आणि ‘ड्युअल चॅनल’ किंवा ‘सिंगल चॅनल’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘एबीएस मॅग सेट’ लिहिलेलं असलं की माल परत करताना वाद होतो.