गोल्डन बॅरल की फेरोकॅक्टस?

गच्चीत एकाच मोठ्या कुंडीची जागा उरलीय आणि मन या दोन निवडुंगांत अडकलंय, त्यांच्यासाठी हे. फेरोकॅक्टस म्हणजे इथे लॅटिस्पिनस, चपट्या, टोकाला वळलेल्या लाल काट्यांचा. दोन्ही मेक्सिकोचे. ऊन, निचरा, पावसाळ्यात डोक्यावर पत्रा, हे दोघांनाही सारखंच लागतं.

फुलांत मात्र फेरो सरळ बाजी मारतो. वीतभर रुंद झाला की थंडीच्या तोंडाशी माथ्यावर जांभळट-गुलाबी फुलं यायला लागतात. गोल्डन बॅरल सुमारे 40 सें.मी. रुंद होईपर्यंत, म्हणजे बी रुजल्यापासून 15-20 वर्षं, फुलाचं नाव काढत नाही. आणि आली तरी छोटी पिवळी फुलं माथ्यावरच्या लोकरीत निम्मी बुडालेली. फुलांसाठीच घेणार असाल तर खुशाल फेरो घ्या.

माझं घोडं अडलं ते मुंग्यांपाशी. फेरोच्या काट्यांच्या झुबक्यालगत बारीक मधुग्रंथी असतात. नवी वाढ सुरू झाली की त्यातून गोड चिकटा पाझरतो. त्याच्या मुलखात हा सौदा फायद्याचा, कारण रसाला आलेल्या मुंग्या इतर किडींना हुसकावतात. आमच्या पुण्याच्या गच्चीत मात्र त्याच मुंग्यांनी पिठ्या ढेकणाची, म्हणजे रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीची, राखण केली. उरलेल्या चिकट्यावर दमट हवेत काळी बुरशी धरते, काट्यांच्या बुडाशी काजळ फासल्यासारखी. झाडाला ती फारशी बाधत नसावी, पण दर पावसाळ्यात जुना टूथब्रश घेऊन आकड्यांमधून घासत बसायचं, आणि एखादी आकडी बोटात घुसली की हात मागे घ्यावा तशी ती आणखी रुतते.

गोल्डन बॅरलचा काटा टोचतो, पण सरळ टोचतो, सरळ निघतो. पिठ्या ढेकूण त्याच्याही लोकरीत लपतो, नाही असं नाही. मुंग्यांची रांग मात्र लागत नाही. शिवाय संध्याकाळचं तिरपं ऊन त्या पिवळ्या काट्यांवर पडतं तेव्हा फुलांची उणीव मला तरी जाणवत नाही. मेक्सिकोत केरेतारोकडे 1990च्या दशकात झिमापान धरणात त्याचा बराच मुलूख बुडाला, रानात तो दुर्मिळ झालाय. नर्सरीतली रोपं बियांपासून केलेली असतात, तेव्हा घेताना मनात किंतु नको.

सोलापूरसारख्या कोरड्या हवेत कदाचित फेरोचा त्रास कमी होईल. कोकणात राहत असाल तर मी गोल्डन बॅरलच सुचवेन. फक्त हिरव्या जाळीखालून आणलेलं रोप थेट एप्रिलच्या उन्हात ठेवू नका; करपल्याचा डाग पुन्हा हिरवा होत नाही.