हेराल्ड की फियाट: कोणती दुरुस्त करून उभी करायची?

खानापूरच्या पावसात उभी राहिलेली जुनी गाडी घेताय? आधी खाली वाकून पत्रा बघा.

मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डला वेगळी चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा) आहे. बोल्ट काढले की बॉडी सुटते, अख्खं बॉनेट पुढे उलटतं. काम करायला मजा येते. खोड मात्र जिवावरची: पुढच्या ट्रनियनमध्ये (चाक वळतं तो खालचा आट्यांचा सांधा) ग्रीस नव्हे, ईपी ९० गिअर ऑइल भरायचं. ट्रनियन कोरडे पडले की पाणी शिरतं, आटे गंजतात, व्हर्टिकल लिंक (चाक धरणारा उभा दांडा) तुटते आणि चाक आडवं होतं.

फियाट ११०० (पुढची पद्मिनी), १०८९ सीसी, हिला वेगळी चॅसीच नाही, भार बॉडीवरच. सिल (दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या) कुजले की दारं लागत नाहीत. ते कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी तात्पुरती वेल्ड करा आणि एका वेळी एकच बाजू घ्या. नाहीतर बॉडी मध्येच वाकते.

इंजिनचं बोअरिंग, क्रँक ग्रायंडिंग दोन्ही गाड्यांचं बेळगावच्या उद्यमबागेत होईल. सुट्या भागांसाठी हेराल्डवाल्याची वणवण ठरलेलीच. रोज चालवायची असेल तर सरळ फियाट घ्या.