हाताने प्ले दाखवणारे कराडचे गॅरेज

माझी डिझेल एसयूव्ही २००९ सालची असून तिच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बारचे (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांडीचे) सस्पेन्शन आहे. गेल्या पावसाळ्यानंतर कुंभार्ली घाट उतरताना पुढून खट्खट् आवाज येऊ लागला, स्टेअरिंग डावीकडे ओढू लागले आणि डावा टायर आतल्या कडेने खाल्ला जाऊ लागला. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेतली, परंतु दोन्ही वेळा आठवडाभरात गाडी पुन्हा ओढू लागली. शेवटी कराडमधल्या या छोट्या गॅरेजमध्ये गेलो.

मिस्त्रींनी जॅक चॅसीखाली न लावता लोअर आर्मखाली (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याखाली) लावला. चॅसी उचलली तर टॉर्शन बार आर्मला खाली दाबून धरतो आणि झिजलेल्या बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाक यांच्यातल्या गोळीच्या सांध्याचा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, लपून राहतो, हे त्यांनी काम करता करता समजावले. मग टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून चाक वर उचलले आणि म्हणाले, "साहेब, इथं बोट ठेवा." जॉइंट बोटाखाली स्पष्टपणे खालीवर होत होता. त्याचे रबरी बूट फाटले होते आणि आत ग्रीसऐवजी गंजाचा तांबडा चिखल होता. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर टाय रॉड एंडही (स्टेअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) ढिला निघाला. या रचनेत गाडीचा भार लोअर बॉल जॉइंटवरूनच चाकावर जातो. तो निसटला तर चाक आडवे पडते आणि स्टेअरिंग हाती असून उपयोग नसतो. सांधेच हलत असतील तर अलाइनमेंट टिकणार कशी, हे मला आधीच्या वर्कशॉपमध्ये कोणीही सांगितले नव्हते, याचा मला अजूनही राग येतो.

दोन्ही बाजूंचे लोअर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि लोअर आर्मचे बुश (आर्म चॅसीला जोडतो तिथले रबरी तुकडे) बदलले. टॉर्शन बार सोडण्यापूर्वी त्यांनी रंगाने खुणा केल्या, नट सुटू न देणाऱ्या स्प्लिट पिना नव्या घातल्या आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यानंतरच पूर्ण आवळले, कारण आर्म लोंबकळत असताना ते आवळले तर रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. ही शिस्त मी इतरत्र क्वचितच पाहिली आहे.

उणिवाही आहेत. येथे अलाइनमेंटचे यंत्र नाही, त्यामुळे त्यासाठी दुसरीकडे जावे लागते. बुश प्रेसने दाबून बसवण्यासाठी आर्म बाहेर पाठवल्याने एका दिवसाचे काम दोन दिवस चालले आणि त्याची कल्पना मला आधी दिली गेली नाही. फोनही सहसा उचलला जात नाही. सकाळी लवकर स्वतः जाऊन नंबर लावावा.

त्यानंतर तोच घाट चार वेळा उतरलो. आवाज नाही, ओढणे नाही. काढलेले सगळे पार्ट मिस्त्रींनी न मागता कापडात बांधून दिले. त्यातल्या डाव्या बॉल जॉइंटची दांडी दोन बोटांनी सहज कलंडते; नव्या जॉइंटची दांडी त्यांनी बसवण्यापूर्वी माझ्या हातात दिली होती, ती मला अंगठ्याचा जोर लावूनही जेमतेम हलली होती.